इंग्लंडच्या खेड्यातलं बालपण, १८७० ते १९५०: खरं किती आणि बिस्किटांच्या डब्यावरचं किती?

पानगळ

बिस्किटांच्या डब्यावर एक ठरलेलं चित्र असतं. गवताने शाकारलेलं घर, बदकांचं तळं, चर्चचा मनोरा आणि रंगीत फिती लावलेल्या खांबाभोवती नाचणारी पोरं. इंग्लंडच्या खेड्यातलं बालपण म्हणून हेच विकलं जातं, तिकडेही आणि आपल्याकडेही. माझं मत असं की हे चित्र मोठ्या माणसांनी रंगवलंय, तेही बहुतेकांनी शहरात स्थिरावल्यावर. मूल दिवसभर खरोखर काय करत होतं ते बघायचं तर त्याच काळात, भलत्याच कारणासाठी केलेल्या नोंदी बघायला हव्यात.

तर जाणकारांना प्रश्न. दक्षिण किंवा मध्य इंग्लंडमधलं एखादं खेडं घेतलं, तर कुठली कागदपत्रं बघायची, कोणत्या क्रमाने, आणि ती कुठे फसवतात? शिवाय कोणते खेळ आणि सण खरंच जुने, कोणते मागाहून चिकटवलेले? आठवणींची पुस्तकं सुचवू नका प्लीज, त्यावर वेगळा धागा निघेल.

खडूफळा

पहिला मान शाळेच्या लॉगबुकाला.

१८६२ च्या सुधारित संहितेने सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना लॉगबुक सक्तीचं केलं. मुख्याध्यापकाने सुरुवातीला रोज, पुढे आठवड्यातून एकदा तरी नोंद करायची, आणि तिच्यात सर्वसाधारण मतं मांडायची नाहीत असा नियमच होता. त्यामुळे नोंदी कोरड्याठाक. पण कोरड्या म्हणजे निष्पाप नव्हेत, कारण त्यामागे पैसा होता.

सुरुवातीचा हिशोब असा. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. सहा वर्षांवरच्या ज्या मुलाच्या २०० हून जास्त हजेऱ्या भरतील त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. सकाळ आणि दुपार या दोन वेगळ्या हजेऱ्या, म्हणजे २०० हजेऱ्यांचे पूर्ण दिवस १००. हे ८ शिलिंगही सुखाने हातात पडत नसत. वर्षातून एकदा निरीक्षक येऊन वाचन, लेखन आणि गणित तपासायचा, आणि मूल ज्या विषयात नापास त्यामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचा (१२ पेन्स म्हणजे १ शिलिंग). आता 'मुसळधार पाऊस, निम्मी मुलं गैरहजर' ही नोंद वाचा. ती हवामानाची नोंद नाही, अनुदान का बुडालं त्याचा खुलासा आहे. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, बर्फ, फाटके बूट हे सगळं तारखेनिशी मिळतं ते यामुळे. १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली आणि त्यानंतरच्या लॉगबुकांत निसर्गाच्या सहली, बागकाम, गाणी असलं काहीतरी दिसायला लागतं.

वयाची चौकटही डोक्यात ठेवा. ५ ते १० वर्षांना सक्ती १८८० ला, मग मर्यादा १८९३ ला ११, १८९९ ला १२. १९१८ च्या कायद्याने १४, पण अंमल १९२१ पासून. १५ झाली १९४७ ला. एकोणिसाव्या शतकात दहा पूर्ण झालेलं मूल ठरावीक इयत्ता पास झालं की दाखला घेऊन कामावर जाऊ शकायचं. म्हणजे हुशार मूल लवकर सुटायचं आणि ढ मूल बाकावर बसून राहायचं. गावातल्या शाळेत वरच्या वर्गात मुलं कमी का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

लॉगबुकात मुलांची नावं फार थोडी येतात. ती हवी तर प्रवेश-नोंदवही बघा: जन्मतारीख, पालक, शाळा सोडल्याची तारीख आणि बऱ्याचदा कारणही. काही ठिकाणी शिक्षेची वेगळी वही असते. हे सगळं बहुधा काउंटीच्या दप्तरखान्यात असतं, क्वचित अजून शाळेच्याच कपाटात. अलीकडची वर्षं गोपनीयतेपायी बंद ठेवतात.

रिकामटेकडा

म्हणजे पटपडताळणी १८६२ पासूनची! मग पट फुगवणंही तेव्हापासूनचंच का?

खडूफळा

अर्थात. जिथे हजेरीवर पैसे तिथे हजेरी फुगते. म्हणून निरीक्षक न सांगताही यायचे आणि हजेरीपट डोकी मोजून ताडून बघायचे. त्या भेटीची नोंद लॉगबुकात सहीनिशी असते.

शिवारकर

खडूफळा, माहिती उत्तम, पण पहिला मान देण्याला माझा विरोध आहे. लॉगबुकाला मूल दिसतं ते शाळेत असतानाच. शेतात असेल तर त्याचं नाव 'गैरहजर'. खेड्यातल्या मुलाचं वर्ष पिकाप्रमाणे फिरायचं, आणि ते शेताकडून वाचल्याशिवाय लॉगबुक अर्धवटच कळतं.

पेरणीनंतर पाखरं हाकणं हे सहा-सात वर्षांच्या पोराचं काम. हातात लाकडी टाळ्या, म्हणजे दोरीने सैलसर बांधलेल्या तीन फळ्या, आणि तोंडाने आरडाओरडा. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत एकटं. मग शेतातली गारगोटी वेचणं. ते दगड रस्तादुरुस्तीला जायचे आणि पैसे खेपेवर मिळायचे. पूर्वेकडच्या काउंट्यांत मुकादमाच्या हाताखाली टोळ्या असायच्या. १८६७ च्या कायद्याने टोळीत आठ वर्षांखालचं मूल घ्यायला आणि बायका-पुरुष मिसळायला बंदी आली.

सगळ्यात मोठं काम सरवा वेचायचं. गव्हाच्या पेंढ्या उचलल्यावर पडलेली कणसं बायका-मुलं वेचत. शेतकऱ्याने शेतात एक पेंढी उभी ठेवली असेल तर आत जायचं नाही. ती हलली की मोकळं. काही गावांत सकाळी आठच्या सुमाराला चर्चची घंटा वाजायची, संध्याकाळी परत, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. लहान मूल असलेल्या बाईचं नुकसान होऊ नये हा त्यामागचा हेतू. आखूड दांड्याची कणसं कमरेच्या पिशवीत, लांब दांड्याची मुठीत धरून जुडी बांधायची. घरी झोडपायची, वारवायची, आणि गिरणीवाला दळणावळ पैशात न घेता पिठात किंवा कोंड्यात घ्यायचा. कायद्याने मात्र हा हक्क नव्हताच. सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या खटल्यात १७८८ ला कोर्टाने सांगून टाकलं की सरवा वेचायला सामान्य कायद्याचा आधार नाही. तरी प्रथा पुढे शंभर वर्षं टिकली, कारण गाव कोर्टाला विचारून चालत नव्हतं. ती गेली कापणी यंत्राने, घोड्याच्या दाताळ्याने आणि परदेशी स्वस्त गव्हाच्या विकतच्या पावाने.

केंटमध्ये हेच हॉप्सचं. बिअरला लागणारी फुलं सप्टेंबरात तोडायची असतात, म्हणून तिथल्या शाळांची मोठी सुट्टीच सप्टेंबरात सरकवलेली. लंडनच्या ईस्ट एंडमधली कुटुंबं मुलांसकट यायची. मजुरी बुशेल या मापावर, आणि भांडण ठरलेलं: मोजणारा टोपलीत फुलं दाबून भरतोय का, हलक्या हाताने? हॉप्स दाबली की चपटी होतात, एका बुशेलात कितीतरी जास्त मावतात.

म्हणून माझा क्रम: आधी जमीन आणि पीक, मग शाळा.

मिरपूड

दोघांनाही +१. आता क्रमावरून शंभरी गाठणार हा धागा. चहा ठेवते.

गुंठामंत्री

जमिनीचा विषय निघाला आणि आम्ही गप्प बसणार? शक्यच नाही.

शिवारकर म्हणतात त्याला कागद आहे, टाइद नकाशा. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा धान्यात द्यायची पद्धत १८३६ च्या कायद्याने रोख रकमेत बदलली. त्यासाठी गावोगाव मोजणी झाली, बहुतेक काम १८५० च्या आसपास उरकलं. नकाशावर प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या तक्त्यात त्या नंबरापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, लागवड कसली आणि क्षेत्र. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला दहा मिनिटांत वाचता येतो. तीन प्रती व्हायच्या: सरकारची, बिशपची, गावची. सरकारी प्रत लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात. तिथले दप्तर-क्रमांक: तक्ते आयआर २९, नकाशे आयआर ३०.

क्षेत्र एकर, रूड, पर्च असं लिहितात. ४० पर्च म्हणजे १ रूड, ४ रूड म्हणजे १ एकर. घाबरू नका, आपला गुंठा त्याच घराण्यातला. एक पर्च साडेसोळा फूट चौरस, गुंठा ३३ फूट चौरस. म्हणजे ४ पर्च = १ गुंठा, १ रूड = १० गुंठे, आणि एकर दोन्हीकडे ४० गुंठ्यांचा. तक्त्यात २ एकर १ रूड २४ पर्च दिसलं की ८० + १० + ६ = ९६ गुंठे, म्हणजे २ एकर १६ गुंठे. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटी, आपल्याकडची १६ आण्यांची साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटी. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड का, याचं उत्तरही तेच. एक साखळी.

मजुराच्या घरामागची बाग १५-२० पर्चची असेल तर चार-पाच गुंठे झाले. त्यात बटाटा, कोबी, घेवडा आणि कोपऱ्यात डुक्कर. मुलाचं पोट यावर चालायचं, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

फसगत कुठे? मध्य इंग्लंडमध्ये, विशेषतः नॉर्दम्प्टनशर, लेस्टरशर पट्ट्यात, अनेक गावांचा टाइद नकाशाच नाही. तिथे सामाईक शेतांची वाटणी संसदेच्या कायद्याने आधीच झाली होती आणि चर्चला तेव्हाच हिश्शाऐवजी जमीन देऊन मोकळे झाले. मग वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा मागायचा. वाटणी न झालेली जुनी पट्टापद्धत डोळ्यांनी बघायची तर नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्सटन. तिथे अजून तीन मोठी शेतं पट्ट्यांनी कसतात आणि हद्द चुकवून नांगर घातला तर गावचं न्यायमंडळ दंड करतं.

डोंबिवली_फास्ट

दंडवत! पर्च आणि गुंठ्याचं गणित वाचून वाखूसा (वाचनखूण साठवली).

पानगळ

गुंठामंत्री, भारी. पण यात मूल कुठेय? तक्त्यात घराचा मालक आणि कसणारा. त्या घरात कोण पोरं होती ते कसं जोडायचं?

वंशावळकर

जनगणनेने. १८०१ पासून दर दहा वर्षांनी, पण गावागावातली नावं सर्रास मिळतात ती १८४१ पासून. जोडताना खड्डे पुष्कळ, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८४१ मध्ये १५ वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ३९ चा माणूस ३५ दिसतो. मुलांची वयं बरीचशी नीट असतात. नातं लिहिलेलं नाही, म्हणून घरातलं मूल पुतण्या की नोकर हे ओळखता येत नाही. १८५१ पासून नातं, वय आणि जन्मगाव येतं, काम तिथून सोपं. धंद्याच्या रकान्यात मुलापुढे 'विद्यार्थी' दिसेल. तो शाळेत जातच होता असं समजू नका. जनगणना वसंतात, कापणी उन्हाळ्याअखेर. खडूफळा आणि शिवारकरांचं भांडण इथेच मिटतं: मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थी असलेलं पोर ऑगस्टमध्ये मजूर.

१९०१ पर्यंत हाती येते ती गणकाने उतरवलेली वही, घरचा मूळ कागद नाही. मूळ कागद मिळतात १९११ पासून. त्या वर्षी विवाहित बाईला किती मुलं झाली, किती जगली, किती गेली हे विचारलंय. बालपणावर काम करणाऱ्याने हा रकाना सोडू नये. १९२१ मध्ये लहान मुलांचे आई-बाप हयात आहेत का, असा प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाचा परिणाम गावात किती खोल गेला ते त्यातून मोजता येतं. हे कागद २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. १९३१ चे १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ला जनगणना झालीच नाही. मधली पोकळी भरते २९ सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदणीने. तिच्यात पूर्ण जन्मतारीख आहे, पण शंभर वर्षांच्या आतल्या माणसांची नोंद मृत्यूची खात्री नसेल तर झाकलेली असते. नेमकी मुलंच झाकलेली.

घर जोडायची रीत: खेड्यात घरनंबर नसायचे. गणक ज्या वाटेने गेला तो क्रम वहीत आहे. पाद्र्याचं घर, पब, लोहार, गिरणी हे ठिकाण न बदलणारे खुंटे नकाशावर शोधा आणि मधली घरं ओळीने बसवा. गणक गल्लीच्या एका बाजूने जाऊन दुसरीने परतला की शेवटची चार घरं उलटी पडतात. सर्वाधिक घोळ तिथे होतो.

१८३७ च्या जुलैआधी जायचं असेल तर चर्चची नोंदवही. तिच्यात बहुधा बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची नव्हे, आणि १७५२ आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७४० चा फेब्रुवारी हा आपल्या हिशोबाने १७४१ चा.

चिंचोके

खेळांवर कोणीच येत नाहीये म्हणून मी. 'कॉन्कर्स' घ्या. हॉर्स चेस्टनटची तपकिरी बी दोऱ्यात ओवायची, एकाने लटकवून धरायची, दुसऱ्याने आपली त्यावर आपटायची. इंग्रजी बालपणाचा जणू सातबाराच. पण झाडच बाल्कनकडून आलेलं, आणि या बियांनी खेळल्याची पहिली नोंद १८४८ ची, आइल ऑफ वाइटवरची. त्याआधी गोगलगायीचे शंख आणि हेझलनट वापरायचे.

खेळायची रीत: बी टणक, सममित, पाण्यात बुडणारी घ्या. तरंगली तर आत पोकळ. भोक बारीक आणि सरळ, वरून खाली. टोच्या तिरका गेला किंवा भोक मोठं झालं की पहिल्या दणक्यात तिथूनच फुटते. खाली पक्की गाठ. दोरा हाताला दोन वेढे देऊन साधारण वीतभर लोंबता. एकेकाला तीन फटके. गुणांची मजा वेगळी: जिंकणाऱ्या बीला हरलेलीचे सगळे गुण अधिक एक. पाच गुणांच्या बीने तीनवालीला फोडलं तर नऊ.

रिकामटेकडा

व्हिनेगरमध्ये भिजवतात ना? आणि ओव्हनमध्ये भाजतात म्हणे. डोपिंग!

चिंचोके

दोन्ही करतात. भाजलेली बी टणक होते तशी ठिसूळही, जास्त भाजली तर पहिल्याच फटक्यात चुरा. खरी युक्ती म्हणजे वर्षभर खणात ठेवणं, सावकाश सुकते आणि आकसते. नॉर्दम्प्टनशरमध्ये १९६५ पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत बी आणि दोरा आयोजकच देतात, म्हणून तिथे घरच्या कारागिरीला वाव नाही.

आणि ही बी खायची नाही हं, विषारी असते. खातात ते गोड चेस्टनट वेगळं. त्याच्या सालीचे काटे दाट आणि केसांसारखे, हिचे जाड आणि विरळ.

शिवारकर

यात पुन्हा काम आलंच. १९१७ च्या शरदात शाळकरी पोरांकडून याच बिया टनांनी गोळा करून घेतल्या. हंड्रेडवेटला, म्हणजे ११२ पौंडांना, ७ शिलिंग ६ पेन्स. कशाला ते सांगितलं नव्हतं. तोफगोळ्यांच्या कॉर्डाइट या दारूला (स्फोटकाला) ॲसिटोन लागायचं, ते मक्यापासून आंबवून करत, आणि मका माणसांना हवा होता. किंग्ज लिनच्या कारखान्यात सुमारे ३,००० टन पोहोचल्या, उतारा वाईट निघाला, बाकी ढीग स्टेशनांवर कुजले.

शिमगोत्सव

मूळ धाग्यातल्या खांबाबद्दल. मेपोल जुना आहे, फिती नव्या. उंच खांब गावात उभा करून भोवती नाचणं शतकानुशतकांचं. संसदेने १६४४ ला त्यावर बंदी घातली, राजेशाही पुन्हा आल्यावर लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर १३४ फुटी उभारला. यॉर्कशरच्या बारविक-इन-एल्मेटला अजून दर तीन वर्षांनी खांब उतरवून रंगवतात. त्याला विणायच्या फिती नाहीत.

मुलांनी फिती विणायचा नाच एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरून आला. शाळाशाळांत तो गेला याचं मोठं श्रेय व्हाइटलँड्स या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजला देतात. तिथे जॉन रस्किन या लेखक-विचारवंताच्या प्रेरणेने १८८१ पासून मे महिन्याची राणी निवडायला लागले, आणि शिकून गेलेल्या बाया आपापल्या गावच्या शाळेत तेच घेऊन गेल्या. त्याआधी गावच्या मुलांचा मे दिवस म्हणजे दोन कड्या एकमेकींत अडकवून फुलांनी मढवायच्या, मध्ये बाहुली, वर फडकं, आणि दारोदार जाऊन पेनी मिळाली की फडकं उचलून दाखवायचं. लॉगबुकात १ मेला 'बरीच मुलं हार घेऊन गेली' असं येतं ते हे.

गोव्यात-कोकणात गोफ विणलेला माहीत असेल तर मेपोलची वीण लगेच कळते. मुलं सम संख्येत, एकआड एक उलट दिशेने तोंड. एकदा समोरच्याच्या बाहेरून, एकदा आतून. फीत ताणलेली हवी, ढिली सोडली की वीण खाली घसरते. चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते: कोणीतरी लागोपाठ दोनदा बाहेरून जातो, तिथे फीत विणली न जाता वर तरंगते. ती उलगडताना समजते, कारण उलगडणं म्हणजे तीच पावलं उलट्या क्रमाने, आणि तिथे येऊन सगळं अडतं. म्हणून शिकवताना आधी चार जणांत पक्कं करतात, मग सोळा.

मिरपूड

पोटापाण्याचं थोडं. मजुराच्या घरचं डुक्कर वसंतात आठ आठवड्यांचं आणायचं, बारके बटाटे, भाजीची सालं आणि शेवटी सातूचं पीठ घालून फुगवायचं, थंडीत मारायचं. थंडीतच, कारण दोन्ही बाजूंचे मोठे पट्टे मीठ आणि सोरा चोळून तीन-चार आठवडे मुरवायचे असतात. हवा उबदार झाली किंवा मांडीच्या हाडाजवळ मीठ पोचलं नाही की आतून नासतं, बाहेरून पत्ताही लागत नाही. त्या दिवशी मुलं शाळेत नसायची. मूत्राशय फुगवून चेंडू त्यांनाच मिळायचा.

दुसऱ्या महायुद्धात संत्री बंद झाल्यावर क जीवनसत्त्वासाठी रानगुलाबाची फळं. १९४१ पासून शाळांनी कुंपणांवरून गोळा केली. सरकारने प्रसिद्ध केलेली घरगुती रीत: २ पौंड फळं जाडसर भरडून लगेच ३ पाइंट उकळत्या पाण्यात, एक उकळी, १५ मिनिटं बाजूला, फलालीनच्या पिशवीतून गाळा. चोथ्यात आणखी दीड पाइंट उकळतं पाणी, १० मिनिटं, परत गाळा. रस दीड पाइंट होईतो आटवा, सव्वा पौंड साखर, ५ मिनिटं उकळून गरम बाटल्यांत. पाइंट ५६८ मिली, पौंड ४५४ ग्रॅम.

दोन चुका होतात. भरडून ठेवून दिलं तर जीवनसत्त्व हवेने जातं, म्हणून भरडायच्या आधी पाणी उकळत हवं. आणि आतले बारीक केस गाळून निघाले नाहीत तर घसा खाजतो. म्हणून पहिला अर्धा कप पुन्हा पिशवीत ओतायचा. हेच केस पोरं एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकायची.

रिकामटेकडा

आमची खाजकुयली!

डोंबिवली_फास्ट

संडासाचं कोणी बोलत नाहीये. चित्रात तो कधीच नसतो.

मिरपूड

बागेच्या टोकाला. खड्डा नाहीतर बादली. सुधारित आवृत्ती डॉर्सेटच्या फोर्डिंग्टनचे पाद्री हेन्री मूल यांची, पेटंट १८६०. बसायच्या फळीमागे मातीची पेटी, दांडा ओढला की सुमारे दीड पाइंट कोरडी चाळलेली माती पडायची. माती गाळाची किंवा चिकण हवी, वाळू चालत नाही, आणि ओली असेल तर सगळी करामत वाया. ती वाळवून आणायचं, चाळायचं काम घरात कोणाचं असणार? मुलांचंच. हीच पद्धत इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणि छावण्यांतही आणली.

१ ते ३ सप्टेंबर १९३९ ला शहरांतून सुमारे पंधरा लाख लोक, बहुतेक मुलं आणि आया, हलवले गेले. तेव्हा लंडनची पोरं बागेच्या टोकाला अंधारात जायला घाबरायची, आणि गावकऱ्यांना वाटायचं यांना वळण नाही. ठेवून घेणाऱ्या घराला एका मुलाचे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. शाळा एकच असल्याने बऱ्याच ठिकाणी गावची मुलं सकाळी, पाहुणी दुपारी. बॉम्ब पडेनात तेव्हा ख्रिसमसपर्यंत पुष्कळशी परतलीही.

गुंठामंत्री

हद्दीचा विषय राहिला. मुलं गावच्या नोंदींचा भाग कशी होती बघा. ईस्टरनंतर, स्वर्गारोहणाच्या गुरुवारच्या आगेमागे, पाद्री आणि कारभारी गावाची शीव चालत जायचे. सोबत पोरं, हातात विलोच्या छड्या. प्रत्येक हद्दीच्या दगडापाशी पोराला उचलून दगडावर आपटायचे किंवा डोकं टेकवायचे, मग नाणं किंवा खाऊ. नकाशे नव्हते तेव्हा शिवेचा वाद निघाला की साक्ष म्हाताऱ्यांची. साठ वर्षांनी आठवावं म्हणून लहानपणी दुखवून ठेवायचं.

डोंबिवली_फास्ट

मोजणी खात्याने हे सुरू केलं तर अर्धे बांधाचे खटले मिटतील. बाकीचे अर्धे नवीन निघतील.

पानगळ

मस्त चाललंय. मूळ प्रश्नाकडे येते. इंग्लंडला जाणं शक्य नाही, हाताशी एक आठवडा आणि थोडेच पैसे. मग क्रम काय?

वंशावळकर

मग वर्ष हुशारीने निवडा: १८८१. त्या जनगणनेची पूर्ण नावनिशी फुकट शोधता येते. आधी गाव काढून पाच ते तेरा वयाच्या मुलांची यादी करा, बापाचा धंदा आणि जन्मगावासह. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे फुकट आहेत; मैलाला २५ इंची घ्या, त्यात विहीर आणि पंपसुद्धा दिसतो. घरं बसवा. शेवटी काउंटीच्या दप्तरखान्याला ईमेल करून फक्त १८८१ सालच्या लॉगबुकाची पानं मागवा. सगळी वही मागवली तर बिल बघून धागा बंद कराल.

शिवारकर

एका वर्षाचे पैसेही नसतील तर एप्रिल-मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर. सुट्टी कधी लागली, कधी वाढवली आणि शाळा उघडल्यावर किती मुलं आली, एवढ्यावर गावात पीक कोणतं ते सांगता येतं. कापणी लांबली की सुट्टी वाढवायचेच.

खडूफळा

शिवारकर, शेवटी लॉगबुकावरच आलात, नोंद घेतली आहे. :)

पानगळ, ईमेलमध्ये 'अमुक गावच्या शाळेचं लॉगबुक' एवढंच लिहू नका. एकाच गावात चर्चची नॅशनल शाळा आणि १८७० च्या शिक्षण कायद्यानंतरची बोर्डाची (स्थानिक शाळामंडळाची) शाळा, अशा दोन असू शकतात. मुलग्यांची, मुलींची आणि शिशुवर्गाची वेगवेगळी वहीही असते. शिशुवर्गाची वही जरूर विचारा. पाखरं हाकायला जाणारं सहा वर्षांचं पोर तिथे सापडेल, मोठ्यांच्या वहीत नाही.